सॉफ्टवेअरमधला बॉक्स आणि प्लायमधला बॉक्स

माझ्या पहिल्या पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी पाइप बसवलेल्या, स्पीकर बॉक्सचं ट्यूनिंग, म्हणजे तो पाइप ज्या फ्रिक्वेन्सीला वाजतो ती, ३५ हर्ट्झ ठरवलं होतं आणि बनवून झाल्यावर मोजलं तर ३४ आलं. एका हर्ट्झचा फरक, तोही पहिल्याच प्रयत्नात, मी काय खुश! पुढे कळलं की त्यात माझ्या दोन चुका होत्या, एक ट्यूनिंग खाली ओढत होती आणि दुसरी वर, आणि दोघींनी मिळून मला छान मामा बनवलं होतं. ती गंमत पुढे येईलच, पण तेव्हापासून एक खोड लागली, कुठल्याही सिम्युलेशनचा ग्राफ समोर आला की आधी विचारायचं, हा ग्राफ नक्की कुठल्या बॉक्सचा आहे? सॉफ्टवेअरची बेरीज-वजाबाकी सहसा चुकत नाही हो, पण ते हिशोब करतं तुम्ही टाकलेल्या आकड्यांच्या बॉक्सचा आणि वर स्वतः मनाशी काही गोष्टी धरून चालतं, तुमच्या समोर क्लॅम्प लावून गोंद वाळत पडलेला बॉक्स त्याने कधी बघितलेलाच नसतो. विनआयएसडी, हॉर्नरेस्प, व्हिटुइक्सकॅड, अकाबाक, कुठलंही घ्या, बटणं शिकायला एक संध्याकाळ पुरते, कुठलं सॉफ्टवेअर काय धरून चाललंय आणि ते कुठपर्यंत खरं आहे हे कळायला मात्र वेळ लागतो.

आधी स्प्रिंगला टांगलेलं वजन

स्पीकरचा ड्रायव्हर म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीला फक्त एक वजन आणि एक स्प्रिंग. कोन आणि व्हॉइस कॉइल हे वजन, कोनच्या कडेचं सराउंड आणि मागचा स्पायडर मिळून स्प्रिंग. स्प्रिंगला वजन टांगून सोडलं की ते स्वतःच्या एका ठराविक वेगाने वरखाली होतं, तसंच ड्रायव्हरचंही, या फ्रिक्वेन्सीला रेझोनन्स म्हणतात, आणि एकट्या ड्रायव्हरच्या रेझोनन्सला एफएस. तो उघड्यावर न ठेवता बंद डब्यात बसवला की डब्यातली हवा दुसरी स्प्रिंग बनते, डबा जितका लहान तितकी ती कडक, म्हणून लहान डब्यात रेझोनन्स वर सरकतो आणि बास कमी होतो. बंद बॉक्सच्या सिम्युलेशनचा गाभा एवढाच आहे.

ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली पोर्टवाल्या बॉक्सचं गणित फिल्टरच्या भाषेत मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३मध्ये ते वाढवून पक्कं केलं, आणि आज डेटाशीटवर, म्हणजे ड्रायव्हरबरोबर कंपनी देते त्या माहितीपत्रकावर, जे आकडे दिसतात त्यांना या दोघांच्या नावाने थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. सुरुवातीला तीनच लक्षात ठेवा. एफएस वर आलाच. क्यूटीएस म्हणजे रेझोनन्सवर कोनला किती ब्रेक लागतो त्याचं माप, कमी आकडा म्हणजे जास्त ब्रेक, आणि हा ब्रेक मुख्यतः मॅग्नेट लावतो. तिसरा व्हीएएस, हा लिटरमध्ये असतो म्हणून लोकांना वाटतं की एवढ्या लिटरचा डबा बनवायचाय, तसं अजिबात नाही, व्हीएएस इतकंच सांगतो की एवढ्या लिटरच्या बंद डब्यातली हवा या ड्रायव्हरच्या सस्पेन्शनइतकीच कडक आहे.

आता सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक हिशोब कागदावर करू, हे मी मुद्दाम सांगतोय. समजा एफएस ३५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस ६० लिटर. बॉक्समध्ये बसवल्यावरचा एकूण क्यू, म्हणजे तेच ब्रेकचं माप, ०.७०७ हवाय, म्हणजे ग्राफला खांद्यावर उंचवटा येत नाही आणि तो शक्य तितक्या खालपर्यंत सपाट जातो. ०.७०७ला ०.४०ने भागा, वर्ग करा, ३.१२ येतं, त्यातून १ वजा करा, २.१२ राहिलं, आणि ६०ला २.१२ने भागलं की डबा आला, साधारण २८ लिटर. रेझोनन्स पण त्याच भागाकाराच्या पटीत चढतो, म्हणजे ३५ गुणिले १.७७, जवळपास ६२ हर्ट्झ. आता हेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाका. ६२ला ग्राफ ३ डीबी खाली दिसला पाहिजे आणि तिथून खाली दर ऑक्टेव्हला, म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की, १२ डीबीने उतरला पाहिजे. दिसलं, तर तुम्हाला सॉफ्टवेअर वापरता येतं. नाही दिसलं, तर कुठलातरी आकडा चुकीच्या घरात गेलाय आणि तो आत्ताच सापडला हे बरं झालं.

डेटाशीटवर पण डोळे मिटून विश्वास टाकू नका. हे आकडे एकमेकांना बांधलेले असतात, एकूण हलतं वजन आणि सस्पेन्शनचा नरमपणा म्हणजे सीएमएस, यावरून एफएस निघतो, कोनचं क्षेत्रफळ म्हणजे एसडी आणि सीएमएस यावरून व्हीएएस निघतो. उदाहरणार्थ एसडी १३२ चौरस सेंमी आणि सीएमएस १ मिमी प्रति न्यूटन असेल तर व्हीएएस २५ लिटरच्या जवळपास आलाच पाहिजे, शीटवर ४० लिहिलं असेल तर यातला एक आकडा नक्की खोटं बोलतोय. चांगली सॉफ्टवेअर असे न जुळणारे आकडे टाकले की कुरकुरतात, आणि लोक काय करतात तर ती कुरकुर बंद करायचा उपाय शोधतात!

पोर्ट, आणि माझ्या दोन चुका

बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की जो हूं आवाज येतो तोच पोर्टवाला बॉक्स. पाइपातली हवा वजन, डब्यातली हवा स्प्रिंग. याची फ्रिक्वेन्सी पाइपचं क्षेत्रफळ, पाइपची लांबी आणि डब्याचं आकारमान या तिघांवरून ठरते. माझ्या हिशोबात ५० लिटरचा डबा, १० सेंमी व्यासाचा पाइप, ट्यूनिंग ३५, सूत्रातून लांबी आली ३८ सेंमी, मी ३८चा तुकडा कापला आणि बसवला.

पहिली चूक इथेच. पाइपच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी थोडी हवा पण आतल्या हवेबरोबर हलते, त्यामुळे पाइप असतो त्यापेक्षा लांब वागतो. एक तोंड पॅनेलला सपाट आणि दुसरं आत मोकळं असेल तर ही जास्तीची लांबी व्यासाच्या साधारण ०.७३ पट, म्हणजे १० सेंमीच्या पाइपला ७ सेंमीपेक्षा थोडी जास्त. म्हणजे कापायला हवा होता ३१ सेंमी. विनआयएसडीमध्ये ही दुरुस्ती आधीपासूनच धरलेली असते, मी शहाणपणा करून वहीत सूत्र लावलं होतं. हे कळल्यावर पाइप बाहेर काढला, ३१वर आणला, परत मोजलं, आणि ट्यूनिंग आलं ३७! चूक सुधारली आणि उत्तर आणखी बिघडलं. मी डोक्याला हात लावून बसलो.

दुसरी चूक म्हणजे ते ५० लिटर. ते रिकाम्या डब्याचे होते. त्यात ड्रायव्हरचा मॅग्नेट आणि बास्केट म्हणजे सांगाडा दीडेक लिटर, डबा कडक करायच्या ब्रेसिंगच्या पट्ट्या अर्धा लिटर, आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे पाइप स्वतः, बाहेरून ११ सेंमी व्यास आणि ३१ सेंमी लांबी धरली तर तोच जवळपास ३ लिटर खातो. राहिले ४५. सॉफ्टवेअरच्या चौकटीत जो आकडा जातो तो उरलेल्या हवेचा, सुताराने मोजलेल्या डब्याचा नाही. ४५ टाकले तर मोजलेलं ३७ बरोबर निघतं, आणि ३८ सेंमीच्या जुन्या पाइपला ३४ पण बरोबर निघतं. खरा पाइप ३५ सेंमीचा हवा होता. तेव्हा तुमचा ग्राफ आणि माप पहिल्याच फटक्यात जुळलं तर आनंद करा पण थोडा राखून.

पाइप किती जाड घ्यायचा यात तर खरी कसरत आहे. त्याच ५० लिटरला ३५ हर्ट्झसाठी साडेसात सेंमी व्यासाचा पाइप घेतला तर १६ सेंमी लांबीत भागतं, सुटसुटीत काम, पण क्षेत्रफळ १० सेंमीच्या पाइपच्या जवळपास निम्म्यावर आलं म्हणजे तेवढीच हवा पावणेदोन पटीहून जास्त वेगाने जाणार आणि मोठ्या आवाजाला फस्स फस्स ऐकू येणार. सॉफ्टवेअर पोर्टमधल्या हवेचा वेग दाखवतं, तो सेकंदाला १७ मीटरच्या खाली ठेवा असा जुना सल्ला आहे, बरेच जण त्याच्या थोडं वर गेले तरी चालवून घेतात. मग जाड पाइप घ्या, १५ सेंमीचा? लांबी ७५ सेंमी. बॉक्समध्ये मावतच नाही, आणि कोपरे देऊन मावला तरी एवढ्या लांब पाइपाचा स्वतःचा सूर २०० हर्ट्झच्या आसपास वाजायला लागतो, ३१ सेंमीच्या पाइपाचा तोच ४५०च्या जवळ असतो. साध्या सॉफ्टवेअरला पाइप म्हणजे फक्त हवेचं एक वजन वाटतं, हा सूर त्याच्या ग्राफमध्ये दिसतच नाही.

आणि नवीन माणूस हमखास जो ग्राफ उघडत नाही तो कोन किती हलतोय याचा. ट्यूनिंगच्या फ्रिक्वेन्सीला कोन जवळपास शांत असतो, आवाज पोर्ट काढतो, पण त्याच्या खाली गेलं की डब्यातली हवा पोर्टमधून नुसती आतबाहेर होते, स्प्रिंग राहतच नाही, आणि कोन मोकाट सुटतो. ३५ला ट्यून केलेल्या बॉक्सला २० हर्ट्झचं गाणं दिलं तर अ‍ॅम्प्लिफायरने अर्धा पॉवर दिला तरी कोन एक्समॅक्सच्या, म्हणजे त्याच्या हलण्याच्या हद्दीच्या, पलीकडे जाऊ शकतो. म्हणून ग्राफ बघताना पॉवर खऱ्या वापराचा टाका, १ वॅटवर सगळेच साधू असतात. खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा हाय-पास फिल्टर सॉफ्टवेअरमध्येच लावून बघा, कुठे लावला की कोन हद्दीत राहतो ते लगेच दिसतं.

बाकी दोन गोष्टी पटकन. ही सॉफ्टवेअर सहसा धरून चालतात की स्पीकर एका अनंत भिंतीत बसवलाय. तुमचा बॉक्स ३० सेंमी रुंद असेल तर साधारण ३८० हर्ट्झच्या आसपासपासून खाली आवाज बॉक्सला वळसा घालून मागे जायला लागतो आणि मोकळ्या जागेत बास ६ डीबीपर्यंत कमी पडतो, याला बॅफल स्टेप म्हणतात, व्हिटुइक्सकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती वेगळी काढता येते. आणि बॉक्समधली हवा म्हणजे एक स्प्रिंग हे डबा तरंगलांबीच्या मानाने लहान आहे तोवरच खरं. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर, काही चिंता नाही, पण आतली एक बाजू ३४ सेंमी असेल तर ५०० हर्ट्झला तिथे अर्धी तरंग चपखल बसते आणि डबा स्वतःच गायला लागतो. तिथे त्या ग्राफची रेघ सपाट असली तरी तिला काही अर्थ नाही.

भोंगा

आता हॉर्न, म्हणजे आपला भोंगा. तोंडापुढे दोन्ही हातांचा कर्णा करून हाक मारली की लांब जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण का? कोन जड आहे आणि हवा एकदम हलकी, त्यामुळे उघडा कोन हवेला नीट पकडूच शकत नाही, रिकाम्या बादलीत हात ढवळल्यासारखं. १ वॅटला १ मीटरवर ९२ डीबी देणारा साधा स्पीकर विजेतला फक्त १ टक्का आवाजात बदलतो, बाकी सगळी उष्णता. हॉर्न अरुंद घशातून सुरू होऊन हळूहळू रुंद होतो, घशाशी हवेचा भार जास्त लागतो, कोनला हवा जड वाटते, आणि तो तिला खरोखर ढकलू शकतो. गिअरबॉक्स म्हणा हवं तर.

याचं गणित आर्थर वेबस्टर यांच्या १९१९च्या समीकरणावरून ओळखलं जातं, मूळ मांडणी त्याच्याही आधी अठराव्या शतकातल्या गणितज्ञांनी केली होती. त्यातलं मुख्य गृहीतक असं की भोंग्यात कुठेही आडवा काप घेतला तर त्या पूर्ण कापावर दाब सारखाच असतो, म्हणजे तरंग सपाट चकतीसारखी पुढे सरकते. हॉर्नरेस्प मुळात याच जातीच्या एका मितीच्या मॉडेलवर चालतं, डेव्हिड मॅकबीन यांनी लिहिलेलं, फुकट, दिसायला अगदी जुनाट करडी खिडकी, आणि तरीही बास हॉर्नसाठी मी अजून पहिल्यांदा तेच उघडतो.

पण इथेही आधी कागद. समजा ४० हर्ट्झपर्यंत जाणारा एक्स्पोनेन्शियल हॉर्न हवाय, म्हणजे ठराविक अंतराला ज्याचं क्षेत्रफळ दुप्पट होत जातं असा. ४० हर्ट्झची तरंगलांबी ८.६ मीटर. नियम असा की मोकळ्या जागेत तोंडाचा परीघ साधारण एका तरंगलांबीएवढा हवा, म्हणजे व्यास पावणेतीन मीटर, क्षेत्रफळ ५.८५ चौरस मीटर. हा काय स्पीकर झाला, हा तर दरवाजा झाला. जमिनीवर ठेवला की जमीन आरशासारखं काम करते आणि निम्मं तोंड पुरतं, जमीन आणि एक भिंत मिळाली की पाव, आणि खोलीच्या कोपऱ्यात एक अष्टमांश, म्हणजे ०.७३ चौरस मीटर. पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात आपला प्रसिद्ध हॉर्न खोलीच्या कोपऱ्यातच का बसवला त्याचं उत्तर या भागाकारात आहे.

आता लांबी. ४० हर्ट्झच्या एक्स्पोनेन्शियल हॉर्नचं क्षेत्रफळ दर ४७ सेंमीला दुप्पट होतं. घसा १०० चौरस सेंमी घेतला तर ७३०० चौरस सेंमीपर्यंत पोचायला सहा-सव्वासहा वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे २ मीटर ९३ सेंमी. आत नुसती हवा किती? जवळपास ४९० लिटर. कोपऱ्याची मदत घेऊन सुद्धा! कोणी ६० लिटरच्या बॉक्समध्ये ४० हर्ट्झचा खराखुरा हॉर्न देतो म्हणाला तर मनातल्या मनात हा हिशोब करायचा आणि गप्प बसायचं.

हॉर्नरेस्पमध्ये हे टाकताना एस१ म्हणजे घसा, एस२ तोंड, मध्ये लांबी आणि एफ१२ म्हणजे पसरण्याचा कट-ऑफ, ज्याच्या खाली हॉर्न भार देत नाही ती फ्रिक्वेन्सी, आणि वर अँग नावाच्या घरात जागा सांगायची, ४ पाय (गणितातला π) म्हणजे मोकळं आकाश, २ पाय म्हणजे जमीन, ०.५ पाय म्हणजे कोपरा. अँग चुकवलं की सगळंच चुकतं, कोपऱ्यासाठी काढलेला छोटा हॉर्न मैदानात तसा वाजत नाही, आणि मैदानात लावणाऱ्यांनी कोपऱ्याचा ग्राफ दाखवून वाद घातलेले मी बघितलेत.

एककांचा घोळ तर विचारू नका. क्षेत्रफळ चौरस सेंमीत, लांबी सेंमीत, मागच्या चेंबरचं आकारमान व्हीआरसी लिटरमध्ये, आणि घशाच्या चेंबरचं, म्हणजे कोन आणि घसा यांच्यामधल्या पोकळीचं, व्हीटीसी घन सेंमीत! मी ३ लिटर समजून ३ टाकलं, सॉफ्टवेअरने ३ घन सेंमी घेतलं, म्हणजे चमचाभर पण नाही. घशाचं चेंबर हे वरच्या फ्रिक्वेन्सीला कात्री लावतं, ते जवळपास नाहीसंच झाल्यामुळे ग्राफ वरपर्यंत मस्त लांब गेला आणि मी दोन दिवस माझ्या डिझाइनचं कौतुक करत होतो. सीएमएसचं पण तसंच, डेटाशीटवर मिमी प्रति न्यूटन असतं आणि इथे मीटर प्रति न्यूटन, म्हणजे हजारने भागायचं.

त्याहून लबाड चूक म्हणजे एमएमडी, हलणाऱ्या भागांचं नुसतं वजन. डेटाशीटवर एमएमएस असतं, त्यात कोनला चिकटून हलणाऱ्या हवेचं वजन धरलेलं असतं, एमएमडीमध्ये नसतं, कारण हवेचा भार किती ते हॉर्नरेस्प स्वतः काढतं. एमएमएस जसंच्या तसं टाकलं तर हवा दोनदा मोजली गेली. छोट्या साडेसहा इंचीला ही हवा पावणेदोन ग्रॅम, म्हणजे फार नाही, पण एसडी ८५५ चौरस सेंमी असलेल्या १५ इंचीला २५ ते ३० ग्रॅम, आणि असा कोन शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो म्हणजे ही चूक सरळ दिसणारी आहे. एडिट मोडमध्ये त्या घरावर डबल क्लिक केलं की हॉर्नरेस्प हिशोब करून देतं, तेवढं कष्ट घ्या.

ग्राफ आल्यावर एक साधी अक्कल लावायची. जमिनीवरच्या, सगळीकडे सारख्या पसरणाऱ्या आवाजासाठी १ वॅटला १ मीटरवर ११२ डीबी म्हणजे १०० टक्के कार्यक्षमता. खालच्या फ्रिक्वेन्सीला तुमचा ग्राफ ११५ म्हणत असेल तर तुम्ही वीज कंपनीला कामाला लावलंत, अभिनंदन. बहुतेक वेळा कारण असं निघतं की सॉफ्टवेअर २.८३ व्होल्ट देतं, ते ८ ओहमला १ वॅट असतं पण ४ ओहमला २ वॅट, तिथेच ३ डीबी फुकट मिळतात, दोन ड्रायव्हर समांतर जोडले की आणखी. आणि ग्राफवर करवतीसारखे चढउतार दिसले तर घाबरू नका, तोंड नियमापेक्षा लहान असलं की तरंग तिथून थोडी परत आत येते, तोंड वाढवत जा आणि करवत बोथट होताना बघा, शिकायला याच्याइतका चांगला खेळ नाही. हॉर्नरेस्पच्या लाउडस्पीकर विझार्डमध्ये स्लायडर ओढून हे डोळ्यासमोर होतं. एका वेळी एकच स्लायडर हलवा मात्र.

एका मितीचं मॉडेल कुठे थांबतं? भोंगा घडी घालून बॉक्समध्ये कोंबला की हॉर्नरेस्पला घड्या दिसत नाहीत, त्याच्यासाठी तो सरळच असतो. खालच्या बासला हे चालून जातं. वाट ३० सेंमी रुंद असेल तर ५७० हर्ट्झला आडवी अर्धी तरंग बसते, त्याच्या आसपास आणि वर हवा नाकासमोर चालत नाही, आडवी पण झुलते. म्हणजे ८० हर्ट्झपर्यंत वाजवायच्या सबवूफरला घडीची फार काळजी नको, पण त्याच घडीतून कोणी ५०० हर्ट्झपर्यंत मिड म्हणजे मधले सूर काढायला गेला तर ग्राफ एक सांगणार आणि कान दुसरं. आवाज कुठल्या दिशेला किती जातो हे पण असंच, भार किती पडतो ते एका मितीच्या मॉडेलमधून छान कळतं, दिशेचा फक्त अंदाज येतो. एक्स्पोनेन्शियल हॉर्न कट-ऑफजवळ चांगला भार देतो पण वर गेलं की आवाज टॉर्चसारखा अरुंद करतो, सरळ शंकूचा हॉर्न दिशा बऱ्यापैकी सांभाळतो पण खाली भार कमी देतो. दिशा हवी असेल तर सॉफ्टवेअरची जात बदलावी लागते.

जाळी टाकायची वेळ

ती दुसरी जात म्हणजे बाउंडरी एलिमेंट. अकाबाक हे त्यातलं नाव. यात हॉर्नच्या पृष्ठभागावर छोट्या त्रिकोणांची जाळी टाकतात आणि प्रत्येक त्रिकोणाचा बाकी प्रत्येक त्रिकोणाशी हिशोब लावतात, म्हणून आकार खरा, कडा खऱ्या, दिशा खरी. किंमत मोजावी लागते ती मेमरीत आणि वेळात. एका तरंगलांबीत निदान सहा त्रिकोण हवेत, १० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३४ मिमी, म्हणजे त्रिकोणाची बाजू ६ मिमीच्या आत. पृष्ठभाग ०.१ चौरस मीटर असेल तर साधारण ६४०० त्रिकोण, आणि प्रत्येकाचा प्रत्येकाशी हिशोब ठेवायला साडेसहाशे एमबी. आता २० किलोहर्ट्झ हवेत म्हणालात की बाजू निम्मी, त्रिकोण चौपट, मेमरी सोळापट, साडेदहा जीबी. हॉर्न डावीउजवीकडे आणि वरखाली सारखा असेल तर चतुर्थांशच काढा आणि सॉफ्टवेअरला सिमेट्री सांगा, परत ६४०० त्रिकोणांवर येता. नवीन माणूस पूर्ण मॉडेल चालवून रात्रभर पंखा ऐकत बसतो.

जाळी पुरेशी बारीक आहे का हे कळायचा एकच मार्ग, ती आणखी बारीक करून परत चालवा, उत्तर हललं नाही तर पुरेशी होती. आणि पहिल्या दिवशी हॉर्नला हातच लावू नका. एक सपाट गोल पिस्टन अनंत भिंतीत बसवा, त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकात आहे, ते निघालं तरच पुढे. त्रिकोणांची दिशा उलटी झाली की सॉफ्टवेअरला आतलं बाहेर आणि बाहेरचं आत वाटतं आणि तरी ते बिनधास्त रंगीत चित्र काढून देतं, ही चूक मी पिस्टनवर पकडली, हॉर्नवर कधीच पकडली नसती.

मोजायचं काय

याला महागडं काही लागत नाही. दोन चॅनेलचं साउंड कार्ड, एक माहीत असलेला रेझिस्टर आणि आरईडब्ल्यूसारखं मोजमापाचं सॉफ्टवेअर असलं की इम्पीडन्सचा, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा, ग्राफ काढता येतो, आणि बास बॉक्ससाठी मी मायक्रोफोनच्या आधी नेहमी हाच काढतो, कारण यात खोली जवळपास मध्ये येत नाही. बंद बॉक्सला एक डोंगर दिसतो, तो आपल्या उदाहरणात ६२ हर्ट्झला यायला हवा. पोर्टवाल्याला दोन डोंगर आणि मध्ये दरी, दरीचा तळ जवळपास ट्यूनिंगवरच असतो, माझे ३४ आणि ३७ तिथूनच आले होते. हॉर्नला डोंगरांची रांग दिसते, आणि हॉर्नरेस्पच्या ग्राफवर ती ठेवली की कुठला डोंगर सरकलाय त्यावरून लांबी चुकली की चेंबर ते कळतं. मायक्रोफोनने मोजायचंच असेल तर डॉन कील यांनी १९७४ साली दाखवलेली युक्ती वापरा, मायक्रोफोन कोनच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर, म्हणजे खोली बाजूला पडते, मग पोर्टचं वेगळं मोजून दोन्हीच्या व्यासाच्या प्रमाणात बेरीज करायची.

क्रम असा ठेवा की ड्रायव्हर आधी थोडा वेळ वाजवून सस्पेन्शन मोकळं करा, त्याचे पॅरामीटर स्वतः मोजा, तेच सॉफ्टवेअरमध्ये टाका, मग बॉक्स बनवा आणि मोजा. डोंगर जागेवर आले पण बुटके आणि पसरट दिसले तर बहुतेक कुठेतरी हवा गळतेय. पोर्टवाल्या बॉक्सला सॉफ्टवेअर गळतीसाठी एक आकडा विचारतं, त्यात ७ घेऊन चालतात, पण तुमचा बॉक्स त्याहून जास्त गळत असेल तर त्याला कसं कळणार. ट्यूनिंगच्या थोडं वर एक सलग सूर लावा, आवाज बेताचा ठेवा, आणि ओलं बोट सांध्यांवरून, ड्रायव्हरच्या गॅस्केटभोवती आणि मागच्या टर्मिनलवरून सावकाश फिरवा. माझ्या बॉक्समध्ये ते टर्मिनलच्या स्क्रूपाशी गार लागलं होतं.